कोल्हापूरहून समुद्रकाठच्या घरी: घरच्यांसोबत निवांत सुट्टीला जाताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरातून गेली अकरा वर्षं आम्ही दरवर्षी कोकणात राहायला जातो. सासू-सासरे, दोन दीर, जावा, नणंद आणि पोरं धरून बारा ते पंधरा माणसं. समुद्रकाठचं एक अख्खं घर घेतो आणि तिथंच मुक्काम टाकतो. माहेरची माणसं, शेजारी, मुलांच्या शाळेतल्या आया, सगळ्या जणी तेच तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकीला फोनवर सांगताना काहीतरी राहूनच जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

हॉटेलात खोल्या का घेत नाही? घरच कशाला?

पंधरा माणसं पाच खोल्यांत वाटली की पाच कुटुंबं वेगवेगळी सुट्टी घालवतात. जेवायला एकत्र यायचं, पुन्हा आपापल्या दाराआड. घरात तसं होत नाही. जांभ्या दगडाचं कौलारू घर असेल तर पुढं पडवी असते, अंगण असतं, आणि दिवसभरात जो तो फिरून फिरून पडवीतच येऊन बसतो. आमचे सासरे, म्हणजे आमचे मामा, कोल्हापुरात नातवंडांशी दिवसाला चार वाक्यंही बोलत नाहीत. तिथल्या पडवीत त्यांनी पोरांना १९८९ च्या पंचगंगेच्या पुरातल्या गोष्टी सलग दोन संध्याकाळी सांगितल्या. त्या आम्हालाही ठाऊक नव्हत्या.

किती दिवस जावं?

चार रात्री. त्याहून कमी असेल तर निवांतपणा विसरा. पहिला दिवस घाट उतरण्यात आणि सामान लावण्यात जातो, दुसऱ्या दिवशी माणसं अजून घड्याळ बघत असतात. तिसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी विचारतं, "आज वार कुठला?" तिथून खरी सुट्टी सुरू होते. शनिवार-रविवार धावत जाऊन येणाऱ्यांना हा तिसरा दिवस कधी मिळतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कधी जाणं चांगलं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम असते. त्यातही दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळा. रस्ते तुंबतात, भाडी चढतात आणि ज्या शांततेसाठी गेलो तीच मिळत नाही. संक्रांतीनंतरचा जानेवारी मला सगळ्यात आवडतो. पहाटे चादर अंगावर घ्यावीशी वाटते आणि दहा वाजता पाण्यात उतरता येतं.

मुलांच्या शाळेमुळे उन्हाळ्यातच जमत असेल तर एप्रिल-मेमध्येही जा. घामाने चिकचिक होते, कोल्हापूरच्या कोरड्या उन्हाची सवय असणाऱ्यांना तर जास्तच जाणवते. पण हापूस, फणस, करवंदं, जांभळं आणि ओल्या काजूगराची उसळ याच दिवसांत मिळते. अकरा ते चार घरात राहायचं, एवढी एकच शिस्त पाळायची.

जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचा विचारही नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे ताजी मासळीही कमी. गणपतीत घर मागू नका. मुंबईहून सगळे चाकरमानी आलेले असतात, घरं भरलेली असतात आणि तो त्यांचा सण आहे. शिमग्यातही तेच. मालवणच्या बाजूला जाणार असाल तर आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख आधी विचारून घ्या. ती जत्रा ठरावीक तिथीला नसते, दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते, आणि त्या दिवसांत सगळ्या तालुक्यात पाय ठेवायला जागा नसते.

कुठल्या घाटानं उतरावं?

कुठं जायचं त्यावर आहे. गणपतीपुळे-रत्नागिरीसाठी मलकापूरवरून आंबा घाट. देवगड, कुणकेश्वर, मालवणसाठी राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट किंवा गगनबावड्यावरून करूळ घाट. वेंगुर्ला, शिरोडा, रेडीसाठी निपाणी-आजऱ्यावरून आंबोली. मालवण साधारण १५० किलोमीटर पडतं. नकाशावर ते तीन तासांचं दिसतं, पण म्हातारी माणसं आणि पोरं घेऊन निघालात तर पाच तास धरा.

आम्ही फोंड्याने जातो. सकाळी सहाला निघतो आणि राधानगरीच्या पुढं कुठंतरी झाडाखाली घरची पोळी-चटणी खातो. दाजीपूरच्या अभयारण्यातून अंधारात गाडी चालवू नका. तिथं गवे रस्त्यावर येतात, आणि वळणावर अचानक गवा समोर उभा राहिला तर ब्रेक दाबायलाही वेळ मिळत नाही. निघायच्या आदल्या दिवशी घाट सुरू आहे का, हेही कुणाला तरी विचारा. दरड किंवा कामामुळे घाट बंद असला तर शंभर किलोमीटरचा वळसा पडतो.

ज्यांना गाडी लागते त्यांना पुढं बसवा, पोट अगदी रिकामं ठेवू नका आणि आलेपाक हाताशी ठेवा. पोरांना घाटात मोबाइल देऊ नका, त्यानेच जास्त मळमळतं. गाडी नसेल तर एसटी आहे. रेल्वेचा मात्र उपयोग नाही, कारण कोल्हापूर-वैभववाडी मार्ग अजून झालेला नाही.

गाव कुठलं निवडावं?

पहिल्यांदाच जाताय आणि पोरांना बोटी, डॉल्फिन, स्कूबा वगैरे हवं असेल तर तारकर्ली-देवबाग. देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी आहे. पण गर्दीही तिथंच. निवांत राहायचं असेल तर तोंडवळी, आचरा, निवती, भोगवे, कुणकेश्वरच्या जवळचं मिठमुंबरी, वेंगुर्ल्याचा सागरेश्वर यांतलं एखादं बघा. या ठिकाणी संध्याकाळी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, आपल्या माणसांशिवाय फारसं कोणी नसतं. दुकान लांब असतं, तेवढी तयारी ठेवायची.

घर ठरवताना काय विचारायचं?

चौथ्या वर्षी आम्ही फोटो बघून एक घर ठरवलं. "समुद्राला लागून" असं लिहिलं होतं. पोचल्यावर कळलं की मधे डांबरी रस्ता, मग बाग, मग खाडीचा उतार. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, गुडघ्यांमुळे तिथपर्यंत चालणं जमेना. चार दिवस त्यांनी समुद्र फक्त ऐकला. तेव्हापासून मी मालकांना फोनवर नेमके प्रश्न विचारते. पायरीपासून वाळूपर्यंत किती पावलं? मधे रस्ता, गटार, दगडी बांध आहे का? इंग्लिश पद्धतीचा संडास तळमजल्यावर आहे का? विहिरीचं पाणी गोड आहे की मचूळ? मचूळ पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. वीज गेली तर पंखे किती तास चालतात? आणि शेवटी, आम्ही असताना घरात दुसरं कोणी पाहुणे असणार का?

व्हिडिओ कॉलवर मालकांना दारातून वाळूपर्यंत चालत जायला सांगा. प्रामाणिक माणूस लगेच तयार होतो. सरकारच्या न्याहारी-निवास योजनेत नोंद असलेली घरं साधारणपणे बरी असतात, तरी चालून दाखवायला सांगाच.

जेवणाचं काय करायचं? आपलं आपण करून खाल्लं तर स्वस्त पडत नाही का?

या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात नीट द्यायचं आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही तसंच केलं होतं. पीठ, डाळ, तांदूळ, चटणीची बरणी, सगळं कोल्हापुरातून नेलं. घरात दोन शेगड्यांचा गॅस आणि चौदा माणसं. सकाळी पोहे, मग चहा, मग दुपारचा स्वयंपाक, भांडी, पुन्हा चहा, आणि पाच वाजले की रात्रीच्या भाकऱ्या. स्वयंपाकघराला पश्चिमेकडे एक छोटी खिडकी होती. तव्यावरची भाकरी उलटताना मला तिच्यातून माडांच्या खोडांमधलं पाणी लाल झालेलं दिसायचं आणि पोरांचा आरडाओरडा ऐकू यायचा. तीन दिवसांत माझा आणि थोरल्या जाऊबाईंचा पाय एकदाच वाळूला लागला. परतताना घाटात ह्यांनी विचारलं, "मजा आली की नाही?" आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि काही बोललो नाही.

घरी आल्यावर मात्र बोललो. रागाने नाही, सरळ बसून सांगितलं की सुट्टी सगळ्यांची असेल तरच आम्ही येणार. मामांनी सगळ्यात आधी मान हलवली.

तेव्हापासून घर ठरवतानाच वाडीतल्या कोणी स्वयंपाक करून देतील का, हे मी विचारते. बहुतेक ठिकाणी देतात. आमच्या नेहमीच्या घराशेजारच्या काकी दोन्ही वेळचं जेवण करतात. माणशी दर आधी ठरवायचा, कोण शाकाहारी ते सांगायचं, आणि रात्री काय हवं ते सकाळीच कळवायचं, कारण मासळी सकाळीच घ्यावी लागते. घासाघीस करू नका. चौदा माणसांचं वाटण वाटणं म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. सकाळचा चहा आणि नाश्ता आमच्याकडे पुरुषमंडळी करतात. धाकटे दीर आता उत्तम कांदेपोहे करतात, आणि घरी आल्यावरही रविवारी तेच करतात.

खर्च वाढतो, हे खरं. तो आम्ही एक दिवसाची बोटीची फेरी कमी करून भागवतो.

आपल्या माणसांना तिथलं जेवण चालतं का? तिखट कमी असतं म्हणे.

तिखट कमी नसतं, वेगळं असतं. आपल्या कांदा-लसूण चटणीचा झणका तिथं नाही, पण ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ यांची चव जिभेवर बसली की माणूस तांबड्या रश्शाची आठवण काढत नाही. निदान चार दिवस तरी. पहिल्या दिवशी कोंबडी-वडे सांगा, म्हणजे मटणवाले खूश. मग सुरमई, सौंदाळे, तिसऱ्या (शिंपल्या), कुर्ल्या (खेकडे), जे त्या दिवशी जाळ्यात आलं असेल ते. "पापलेटच पाहिजे" असा हट्ट नको. ताजा बांगडा बर्फातल्या पापलेटापेक्षा कितीतरी चांगला.

सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यांसाठी घावणे, आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी असतेच. आत्या पूर्ण शाकाहारी आहेत आणि तिथं घरच्यापेक्षा दोन घास जास्त जेवतात. चटणीची लहान बरणी मात्र बरोबर ठेवा. दूध पातळ लागतं, त्याला इलाज नाही. गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून घेणाऱ्यांना पहिले दोन दिवस चहा गोड लागत नाही.

आमची पोरं पंचगंगेत, विहिरीत पट्टीची पोहतात. समुद्रात सोडली तर चालेल ना?

पट्टीच्या पोहणाऱ्यांचीच मला जास्त काळजी वाटते. विहिरीचं पाणी थांबलेलं असतं आणि नदी एकाच दिशेला ओढते. समुद्र आत येताना ढकलतो आणि परत जाताना ओढतो. काही ठिकाणी परतणारं पाणी एका चिंचोळ्या पट्ट्यातून जोरात खोल समुद्राकडे जातं. किनाऱ्यावरून बघितलं तर तिथं लाटा फुटत नाहीत, पाणी शांत आणि गढूळ दिसतं, आणि नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो. त्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून ताकद लावू नका, दमछाक होते. अंग सैल सोडून तरंगायचं, किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीच्या बाहेर पडायचं आणि मग लाटेबरोबर परत यायचं.

आमच्या घरचा नियम असा: कमरेच्या वर पाणी नको, अंधार पडल्यावर नको, जेवल्यावर लगेच नको. पाण्यात कितीही माणसं असोत, एक मोठं माणूस किनाऱ्यावर नुसतं बघत बसणार, आणि त्याच्या हातात मोबाइल नसणार. दर अर्ध्या तासानं पाळी बदलते. आणि उतरण्याआधी वाडीतल्या मच्छीमाराला विचारायचं. "हयसर नको, थंयसर जावा" (इथं नको, तिथं जा) एवढंच तो म्हणेल, पण ते ऐकायचंच. खडकांजवळ, खाडीच्या मुखाशी आणि दारू प्यायलेल्या माणसाबरोबर कधीच उतरू नका.

जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी लावू नका. समुद्राच्याच पाण्यानं धुवा आणि दुखणं वाढलं, श्वास लागला तर थेट दवाखाना.

भरती-ओहोटी कशी ओळखायची?

मला काकींच्या सासऱ्यांनी शिकवलेला हिशोब सांगते. शुद्ध असो वा वद्य, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याला पाऊणनं गुणायचं. जे उत्तर येईल त्या वेळेच्या आसपास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकराला आणि ओहोटी सव्वापाचला. जागेप्रमाणे तासाभराचा फरक धरायचा. दररोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते.

याचा उपयोग फार आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात तर संध्याकाळी पाणी लांब गेलेलं असतं आणि ओल्या घट्ट वाळूवर पोरांना क्रिकेट खेळायला मैदान मिळतं. अष्टमीला गेलात तर सूर्यास्ताच्या वेळी भरती असते, खेळायला वाळू कमी उरते. पाणी उतरत असताना आत ओढ जास्त, म्हणून आंघोळ भरती चढत असताना करायची. आमच्या घरात आता कोल्हापुरातून निघतानाच कॅलेंडरवर तिथी बघतात.

म्हाताऱ्या माणसांना झेपेल का?

आत्यांनी समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. करवीर तालुक्यातलं माहेर, पेठेतलं सासर, आणि लांबचा प्रवास म्हणजे पंढरपूर-जोतिबा. पहिल्या संध्याकाळी त्या पाण्यापासून दहा हात लांब उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी लुगडं घोट्यापर्यंत धरून पुढं आल्या. लाट येऊन परत गेली आणि तळव्याखालची वाळू सरकली तशी त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "अगं, जमीन चालली!" म्हणाल्या. मग हात तसाच धरून अर्धा तास उभ्या राहिल्या, प्रत्येक लाटेला खाली बघत.

तर हो, झेपतं. ओल्या वाळूवर चालवा, कोरड्या वाळूत पाय रुततात आणि गुडघे दुखतात. प्लॅस्टिकची खुर्ची पाण्याच्या कडेला नेऊन ठेवा. औषधं दोन दिवसांची जास्त घ्या. दुपारी झोपू द्या. माडाखाली मात्र खाट टाकू नका, नारळ आणि झावळ्या पडतात.

दिवसभर करायचं तरी काय?

काही नाही. पहाटे उठून रापण बघायला जा. मच्छीमार होडीतून अर्धगोल जाळं टाकून येतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढतात. विचारून तुम्हीही हात लावा. आमच्या पोरांनी ओढली तेव्हा दोर हाताला काचला, कंबर मोडली, आणि शेवटी जाळं वाळूवर आलं तसे पेडवे, म्हणजे छोटे मासे, चांदीच्या नाण्यांसारखे उडायला लागले. एका तांडेलांनी, म्हणजे होडीच्या म्होरक्यांनी, ओढणाऱ्यांचा वाटा म्हणून चार बांगडे पोरांच्या टोपीत टाकले. तेवढा अभिमान आमच्या पोराला कुठल्याही बक्षिसाचा वाटलेला नाही.

मग नाश्ता, पाणी, जेवण, झोप, पत्ते, पुन्हा पाणी.

मग फिरायला अजिबात जायचं नाही?

एक सकाळ सिंधुदुर्गासाठी ठेवा. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ मध्ये कुरटे बेटावर बांधलेला हा किल्ला. आत महाराजांचं शिवराजेश्वर मंदिर आहे, त्यांच्या हातापायांचे ठसे आहेत, आणि चहूकडे खारं पाणी असूनही दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. कोल्हापूरकरांनी मुलांना हेही सांगावं की १८१२ च्या तहापर्यंत मालवण आपल्या करवीर राज्याकडे होतं. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. होडीत लाइफ जॅकेट घालायचंच, प्रत्येकानं. बाकी ठिकाणं पुढच्या वर्षी.

साप, विंचू, दवाखाना?

जांभ्याच्या दगडांत फुरसं असतं. रात्री बॅटरी आणि चप्पल-बूट घातल्याशिवाय अंगणात जायचं नाही, लाकडाच्या ढिगात हात घालायचा नाही, बूट झटकून घालायचे. साप चावला तर पट्टी आवळू नका, चिरू नका, माणसाला न चालवता सरकारी दवाखान्यात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८. जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे. जवळचा दवाखाना कुठं आणि रात्री डॉक्टर असतात का, हे पोचल्या दिवशीच विचारून ठेवा.

मोबाइलला रेंज असते का? ऑफिसचं थोडं काम करायचं आहे.

रेंज कुठं असते, कुठं नसते. काम असेल तर ते संपवून या.

मोठा स्पीकर लावला, रात्री वाळूवर गाडी फिरवली तर?

दोन्ही नको. समोरचा मच्छीमार पहाटे तीनला उठतो. गाडी ओल्या वाळूत रुतली आणि भरती आली तर ती समुद्राची झाली समजा. शिवाय थंडीपासून पुढं काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला येतात, त्यांच्या घरट्यांवरून चाकं जातात. कचऱ्याची एक पिशवी गाडीतच ठेवा आणि कोल्हापूरला घेऊन या.

घरमालकांसाठी काही न्यावं का?

गुळाची ढेप. कोल्हापुरी गूळ आणि त्यांचा नारळ एकत्र आला की काकी शेवटच्या दिवशी न सांगता मोदक करतात. सोबत भडंगाचा एक पुडा.

परत येताना काय आणायचं?

कोकम, तिरफळ, खाजा, फणसपोळी आणि हंगाम असेल तर आंब्याची पेटी. सुकी मासळी घेणार असाल तर डब्यात घट्ट बंद करा, नाहीतर घाटात सगळ्यांना काचा उघडाव्या लागतात. आत्या दरवर्षी एक रिकामी बाटली नेतात आणि तिच्यात थोडी वाळू भरून आणतात. देवघराच्या खालच्या फळीवर आता सात बाटल्या आहेत.